सतरा की एकाहत्तर

३ ऑगस्ट
पुन्हा थाळ्या, पुन्हा त्यांवर जीवाणूंच्या रेघा. घेवड्याच्या मुळांतून मिळालेला, रोपं जोमानं वाढवणारा सतरा नंबरचा जीवाणू फ्रीझरमधून काढून थाळीवर उतरवला. पीएचडीवाल्या चष्मिसला प्रबंधासाठी ताजा फोटो हवाय. पंधरवड्यात प्रबंध देणार. चार वर्षं मुळं धुतली, वाटली, ठिपके मोजले — त्यात पोरीचे डोळे गेले, माझी कंबर.

४ ऑगस्ट
घरी येऊन नुसती पडले. चहा ह्यांनीच केला.

५ ऑगस्ट
थाळीवर पिवळे ठिपके. प्रबंधात तपासणीत आलेल्या नावावरून पांढरे लिहिलेत. बाहेरचं काही पडलं असेल म्हणून रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. गोल, जांभळे. जनुकं तपासून जे नाव आलं होतं, तो जीवाणू काडीसारखा आणि गुलाबी दिसायला हवा.

७ ऑगस्ट
दोन वर्षांपूर्वीची वही काढली. ह्यांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत तासभर येऊन गेले होते. जनुकांच्या तपासणीला जाणाऱ्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. अक्षर माझंच. ७१ मधून भरलेल्या नळीपुढे चिठ्ठीची नोंद १७!
म्हणजे रोपं वाढवतो तो सतरा, आणि प्रबंधात नाव लागलंय एकाहत्तरचं.
कुणाला कळणार नाही. फ्रीझरला माझ्याशिवाय कोण हात लावतं?

१० ऑगस्ट
शेवटी ह्यांना सांगितलं. "सांगून टाक तिला," म्हणाले. मग, "पण तुझं कंत्राट?" ते वाढवणं विभागप्रमुख मोठ्या मॅडमच्या हातात.

११ ऑगस्ट
सांगितलं. कॅन्टीनमागच्या पायरीवर. चष्मिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ताई, नक्की?"
नक्की, म्हटलं.
"मग सगळं परत तपासायला पाठवावं लागेल. सहा महिने गेले."
ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उलट माझ्या हातातली पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत आली. वाटेत ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली.
उद्या मोठ्या मॅडमना मीच सांगणार. ठरलंय.

१२ ऑगस्ट
नमुन्यांची अदलाबदल झाली एवढं सांगून होतंय तोच मॅडमनी दोघींना समोर उभं केलं. "चिठ्ठ्या कुणी लावल्या होत्या?"
मी तोंड उघडणार, तोच चष्मिस म्हणाली, "मी."
मॅडमनी माझ्याकडे बघितलं.
मी 'हो' म्हणून मान डोलावली.