खाल्लेलं कुठे गेलं

बाबा, तुम्हाला लिहून उपयोग नाही हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण रविवारी आईने मला एक प्रश्न विचारला. तो अगदी माझ्या विषयातला होता, आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही.

मी आता स्नायूंवर काम करते. पेशी एकमेकींना संदेश कसे पाठवतात आणि मोठ्या आजारात त्याच संदेशांमुळे स्नायू कसे झिजतात, हे बघते. मी बारावीत असताना तुमच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली, म्हणून हा विषय घेतला असेल, असं लोक धरून चालतात. मलाही ते नक्की माहीत नाही.

त्या वर्षीचं मला अजून दिसतं: घाटकोपरच्या घरात, बाहेरच्या खोलीत तुम्ही खुर्चीवर बसला आहात. इतकी वर्षं गोविंदा पथकाच्या सगळ्यात खालच्या थराला उभे राहिलात, पोरं तुमच्या मांडीवर पाय देऊन खांद्यावर चढायची. आता हाफ पँटमधून काठीसारखे पाय आलेत. सरावाहून परतताना पोरं येतात, अंडी आणि प्रोटीन पावडरचा डबा ठेवतात. "काका, सराव सोडला ना, म्हणून पाय उतरले," त्यातला एक सांगतो. "रोज बैठका मारा. गोकुळाष्टमीला खाली तुम्हीच."

"तुझ्या बापाला खांद्यावर घेऊन मारतो, बोलव त्याला," तुम्ही म्हणता. सगळे हसतात. मग तुम्ही खरंच दाराची चौकट धरून दोन बैठका मारता, आणि तिसरीला कुणीतरी तुम्हाला उचलतं. आतून आई खेकड्यांचा रस्सा घेऊन येते. "वायच खावा. पोटात काय गेला नाय तर उभे कशे रवतले?" तुम्ही डोळे मिटून गिळायचात. थोड्या वेळाने मोरीत जायचात. परत आल्यावर ती विचारायची, "रवला ना पोटात?" आणि तुम्ही मान हलवायचात.

आमच्यातलं कुणी मूर्ख नव्हतं. माणूस वाळला तर त्याला अन्न कमी पडतंय किंवा व्यायाम, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. उपाशी माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे, खायला घातलं की तो भरून येतो. तुमचं तसं नव्हतं. रक्तातून काही रेणू येतात आणि स्नायूच्या पेशीवर बसतात. तो संदेश आत केंद्रकापर्यंत जातो. मग पेशी स्वतःच्याच प्रथिनांवर खुणा करते आणि खूण केलेलं प्रथिन तोडून टाकते. नवं बांधायचं कामही मंदावतं. हे नुसत्या खाण्याने पुरतं थांबत नाही. संदेश पाठवला कुणी, इथे मी दरवेळी अडखळते. काही गाठीने, काही गाठीशी लढणाऱ्या तुमच्याच पेशींनी. त्यातला एक रेणू तर निरोगी माणसातही असतो, स्नायू बेसुमार वाढू नयेत म्हणून. मग शत्रू कुणाला म्हणायचं? मी हे सेमिनारमध्ये नीट समजावून सांगते आणि घरी येईपर्यंत मलाच ते समजेनासं होतं.

रविवारी आई करंदीची बारीक कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "एक सांग गं. मी त्यांना नीट भरवलं नाही म्हणून ते गेले का?"

इतकी वर्षं ती हे मनात धरून बसली होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. अजून कितीही भरवलं असतं तरी ते थांबलं नसतं, म्हटलं.

"म्हणजे माझी चूक नाय?"

"नाही."

मला वाटलं, झालं. तिचे हात थांबले. "मग ते ओकून ओकून खात कशाला होते? मीच मागे लागायचे. शेवटचे दिवस सुखाने पडू दिलं नाही त्यांना. उगाच छळलं."

एक ओझं मी काढलं आणि त्याच जागी दुसरं ठेवलं. माझं सांगणं बरोबर होतं, तरी.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला कळलं होतं का? डॉक्टर तुम्हाला एकट्याला आत बोलवायचे, तेव्हा काय सांगायचे? तुम्ही तिच्यासाठी खात होतात, की पोरांसारखाच तुमचाही विश्वास होता, की पुन्हा खाली उभं राहता येईल? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातली कुठली खरी यावर आई आता सुखाने झोपेल की नाही ते ठरणार आहे, आणि हे मोजायचं कसं ते मला येत नाही.

रविवारी मात्र आईला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबांना तुझा रस्सा आवडायचा. मला म्हणाले होते."

ती परत करंदी सोलू लागली. तुम्ही मला तसं कधीच म्हणाला नव्हतात.