चोरओटी

मालगुंड,
ता. १० नोव्हेंबर २००३

ती. उल्कावन्सं यांस,

राहीचा नमस्कार. डोंबिवलीत सगळी खुशाल असाल. परवा आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं. थंडी पडल्यापासून बाबांचा गुडघा कुरकुरतोय, बाकी ठीक.

तुमचं पत्र मिळालं. ‘नऊ किलो उतरलीस असं कळलं. सलिल न्यायला तयार आहे, मागचं विसर आणि ये,’ असं लिहिलंत. मालगुंडात बाई काट्यावर चढते आणि डोंबिवलीत आकडा दिसतो, कमाल आहे!

विसरायचंच, तर काय ते एकदा लिहून काढते.

तुमच्या माहेरी, पूर्णगडला, पाळी आली की बाई बाजूला बसते. बसली नाही की तेही अख्ख्या घराला कळतं. माझी पाळी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून लांबायला लागली होती. गेल्या वर्षी श्रावणापासून मी सलग तीन महिने बसलेच नाही. मला कुणी विचारलं नाही. आईंनी आपले दिवस मोजले आणि कार्तिकात माझी चोरओटी भरली, तिसऱ्या महिन्यात भरतात तशी, दार लोटून, घरातल्या घरात. हिरवा खण तुम्हीच आणलात. माझं पोट तर आधीपासूनच पुढे होतं, त्यामुळे शंका कुणाला येणार?

तू तेव्हाच का बोलली नाहीस, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. खरं सांगू? लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझ्या ताटातली घावनं कुणी मोजली नाहीत असं पहिल्यांदाच घडत होतं. “घे गो अजून एक, आता काय तू एकटी नाहीस,” म्हणत आई वर नारळाचा रस वाढायच्या. मी खात होते. लाज वाटत होती, तरी खात होते.

पण हे अर्धंच खरं.

मार्गशीर्षात एकाएकी इतकं अंगावर गेलं की मूल पडलं म्हणून आईंनी रडत रडत मला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. मूल नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की अंगात चरबी फार वाढली की हार्मोन्सचा तोल जातो, अंडं वेळेवर तयार होत नाही, पाळी महिनोन्‌महिने येत नाही आणि आली की अशी येते. मग विचारलं, “संबंध नियमित येतात ना?” आई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. मी “हो” म्हणाले.

वन्सं, तेवढं एकच खोटं मी तोंडाने बोलले. ओटी भरली तेव्हा यांनी मला हात लावून चौदा महिने झाले होते. “आधी बारीक हो, मग बघू,” म्हणून पाठ फिरवली ती फिरवलीच. मला इच्छा नव्हती असं नाही. खूप होती. मध्यंतरी मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे एकटी गेले आणि विचारलं, जाड बाईची इच्छा मरते का हो? त्या म्हणाल्या, “वजनाने कधी थोडी मंदावते. पण बहुतेक बायकांची लाजेनेच मरते.” मी तिथेच रडले.

मी गप्प राहिले ती यांची अब्रू झाकायला. हे का गप्प राहिले? मूल असणं शक्य नाही हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. बागेतले गडी “आता बापूस होणार” म्हणाले, तेव्हा हे हसले. आईंनी देवापुढे नारळ ठेवला, तेव्हा यांनी हात जोडले. आणि दवाखान्यातून आल्यावर आई “फसवलंस गो आम्हांला” म्हणत होत्या, तेव्हा हे म्हणाले, “तिच्या चरबीनेच सगळं नासलं.” त्याच आठवड्यात मला इथे आणून सोडलं.

नऊ किलो मी यांच्यासाठी उतरवले नाहीत. पाळी वेळेवर येते, झोप लागते, माझं अंग मला माझं वाटतं. ते पसंतीसाठी पुन्हा कुणापुढे उभं करायला मी येणार नाही.

तुमच्याकडे एकच मागते. पूर्णगडला जाल तेव्हा हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवा, सलिल समोर असताना. ते ‘खोटं आहे’ म्हणाले, तर जन्मभर मला खोटारडी म्हणा. पण ते तसं म्हणणार नाहीत. ते मान खाली घालून बसतील. आईंना तेवढ्याने कळेल.

कागदावर अजून तुमची भावजय असलेली,
राही