मार्सेलच्या बाल्कनीखाली वीस मिनिटं

२ मार्च, सकाळी
ब्लडप्रेशर एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. मी म्हटलं, नको, मी हसणार आहे. रोज वीस मिनिटं पोटभर हसलं की रक्त नीट वाहतं आणि दुरावलेली माणसं जवळ येतात, असं मासिकात आलंय. उद्यापासून.

मार्सेललाही फायदा होईल. माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहते आणि पाच महिने बोलत नाही. तिचा नवरा फिक्री गेला तेव्हा सांत्वनाला जमलेल्या बायकांत रिवाजाप्रमाणे दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली आणि मला हसू फुटलं. फिक्री पाच चमचे साखर घालायचा, ते आठवलं. चाळीस बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माफी मागणार नाही. हसणं हा गुन्हा नाही, औषध आहे.

वीस तारखेला ती मुलाकडे माँट्रियलला चालली, कायमची. अठरा दिवस आहेत. पुरेत.

३ मार्च
आवारात, बरोबर तिच्या बाल्कनीखाली, हास्यमंडळ सुरू. हजर: मी, तिसऱ्या मजल्यावरची सुहेर, रखवालदाराची बायको अतियात. अडचण एकच. दोघी जरा रंगात आल्या की थांबतात आणि छातीवर हात ठेवून म्हणतात, "देवा, याचं चांगलंच होऊ दे." जास्त हसलं की मागून संकट येतं म्हणे. अख्ख्या अलेक्झांड्रियाला हीच खोड. पन्नास सेकंदांपुढे जाता येईना. मीही एकदा म्हणाले. सवयीने.

५ मार्च
ते वाक्य बंद. नियम केला. अतियात म्हणाली, "मग संकट आलं तर तुमच्या दारात पाठवू का, मादाम इवेत?" म्हटलं, खुशाल पाठव.

आज चार मिनिटं. वरची खिडकी धाडकन बंद झाली. म्हणजे तिला ऐकू जातंय. उत्तम प्रगती.

९ मार्च
मार्सेल भाजीसाठी दोरीने टोपली खाली सोडते, ती माझ्या खिडकीसमोरून जाते. आज तीत एक विनोद लिहून टाकला. टोपली वर गेली. थोड्या वेळाने परत आली, चिठ्ठीत कांद्याची सालं गुंडाळलेली. म्हणजे चिठ्ठी हातात घेतली. म्हणजे वाचली.

शाळेत सिस्टर क्लोतिल्द म्हणायच्या, मुलींनो, दात झाकून हसा. आम्ही दोघी एकाच रुमालात तोंड खुपसायचो. रुमाल तिचा असायचा.

१२ मार्च
सुहेर हसता हसता खुर्चीवरून पडली. मनगट मोडलं. "तेवढं वाक्य म्हणू दिलं असतंस तर तुझं काय जात होतं, बाई?" खुर्ची जुनी होती, हे कोणी लक्षातच घेत नाही. अतियातची नणंद आजारी आहे म्हणे. अतियातला नणंद नाही.

१४ मार्च
एकटी हसले. अकरा मिनिटं. फाटकाशी लिंबूवाला थांबला. "मादाम, घरच्या कोणाला हाक मारू का?" म्हटलं, घरचीच ऐकतेय. ब्लडप्रेशर एकशे सत्तर. यंत्र बिघडलंय.

१७ मार्च
आवाज बसला. विश्रांती. माघार नव्हे.

१९ मार्च, दुपारी
वर गेले. माफी मागायला नव्हे, प्रवासात काय खावं ते सांगायला.

मार्सेल सूटकेसपाशी उभी होती. मी म्हटलं, त्या दिवशीच्या हसण्याचं असं झालं की... ती म्हणाली, "कळलं होतं मला तेव्हाच. मीही त्याच्या साखरेचाच विचार करत होते. पण त्यानंतर पाच महिन्यांत एकदा तरी वर आलीस? बावीस पायऱ्या आहेत, इवेत. मी मोजल्यात. त्या चढायच्या सोडून खाली बसून बोंबलत होतीस."

मी म्हटलं, गुडघे.

"बस इथे," ती म्हणाली. सूटकेसवर. कुलूप लागत नव्हतं. "निदान तुझ्या वजनाचा तरी उपयोग होऊ दे."

मी बसले. ती खाली वाकून दोन्ही हातांनी कुलूप दाबत होती. माझ्याकडे वर पाहिलं आणि तिला हसू फुटलं. खूप वेळ हसत होती, दात न झाकता.

मला काही केल्या हसू येईना.

कुलूप लागलं.