टोकाच्या घराचं गरम पाणी

बाबा, तुमचा बंब अजून चालतो. आपल्या जव्हारच्या आठ घरांना पहाटे तोच पाणी देतो. खाली भाताच्या गिरणीतला तूस जळतो आणि नळी पहिल्या घरातल्या दुकानदारांपासून टोकाच्या आक्कांपर्यंत जाते. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. पाण्याचा दर ठरवायचं तुमचं काम माझ्याकडे आलं, आणि माझ्या हातून या थंडीत आक्कांचा नळ कापला जाणार होता. म्हणून लिहिते आहे.

मी सातवीत असताना तुम्हाला विचारलं होतं, बादली तीच, मग आक्कांना दर कमी का? तुम्ही मला दुकानदारांच्या दारात नेलंत आणि माझा उलटा हात नळीवर टेकवलात. चटका बसला. मग आक्कांच्या दारात. तिथे नळी कोमट, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी. "सांग आता, दोन्हींचे सारखेच घ्यायचे?" मी म्हटलं, "पण तूस तर सारखाच जळला ना." तेव्हा तुम्ही रागावलात. "वाटेत गेलेली ऊब कुणाच्याच घरात गेली नाही. ती एकट्या बाईवर कशी टाकायची? ती सगळ्यांवर." मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

दिवाळीनंतर आम्ही मीटर बसवली. प्रत्येक घराला एक, बंबाजवळ एक मोठं. मीटर लिटर मोजतं, ऊब मोजत नाही. आक्कांच्या नळाला आधी अर्धी बादली गारच येते, तेही त्यांच्या नावावर पडू लागलं. शिवाय बंबातून निघालेलं पाणी आणि घरांत पोचलेलं पाणी यांत रोज दोन बादल्यांचा फरक. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. अंगणात सगळे जमले तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, गळती असणार ती टोकालाच. तिथून नळी कापा, विषय मिटला." आक्का पायरीवर बसून होत्या. चूल पेटवून हंडा उतरवणं आता त्यांना होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुकानदारांना म्हणाल्या, "काप रे बाबा. मला शेवटची आंघोळ घालशील तेव्हा तेवढं गरम आण."

मोखाड्याहून प्लंबर बोलावला. तो अख्ख्या नळीवरून चालत गेला, माती चिमटीत धरून बघत गेला. सगळी कोरडी. "ताई, गळत नाय कुठंच," तो म्हणाला. "कोणतरी वापरतंय."

मीटर नाही अशी एकच जागा होती. आपल्या घरामागची तुमची न्हाणी. तुम्ही गेल्यापासून तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याजवळ. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, तुमच्या आंघोळीच्या वेळेला, मी बाहेरून तिच्या नळीवर उलटा हात ठेवला. नळी गरम आहे. मी तशीच उभी राहते. थोड्या वेळाने ती हाताखालीच गार होत जाते, नळ बंद केल्यावर होते तशी. मग कुलूप काढलं. फरशी कोरडी, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं शाबूत. तुमचं घंगाळ मी पालथं घालून ठेवलं होतं, तसंच होतं. फक्त त्याचा तळ कोमट होता.

त्या रविवारी मी अंगणात सांगितलं की त्या दोन बादल्या आमच्या नावावर धरा, आणि आक्कांचं गार पाणी पूर्वीसारखं सगळ्यांत वाटा. दुकानदारांनी विचारलं, "सापडली का गळती?" मी हो म्हटलं. आक्का म्हणाल्या, "बापासारखीच आहेस. खोटं बोलताना खाली बघतेस."

नळ राहिला. आक्कांना वाटतं मी चांगलं केलं. मीटरची कल्पना माझीच होती, हे त्यांना सांगितलेलं नाही. पाण्याचा दर ठरवायला दर महिन्याला पहाटे तुमच्यासारखं दारोदार नळ्यांवर हात ठेवत फिरायची मला लाज वाटायची.

घंगाळ मी आता सरळ करून ठेवलं आहे. हे पत्रही त्याच्याजवळ ठेवणार होते. पण तिथे ते भिजेल म्हणून ठेवलं नाही.