रोज एक पुडी

४ नोव्हें.
नलूला सी-स्कीम भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही बुबुळांवर मधोमध आडवा पांढुरका पट्टा. मी मोतीबिंदू धरून चाललो होतो.
"मोतीबिंदू नहीं है. कॉर्निया पर कॅल्शियम जमा है."
कारणं सांगितली: डोळ्याची जुनी सूज, किडनी, नाहीतर रक्तातच कॅल्शियम जास्त. नलू बाहेर, थेंब घालून बसलेली. औषधं विचारली. म्हटलं, पाठदुखीसाठी व्हिटॅमिन डीच्या पुड्या, होळीपासून.
"हफ्ते में एक?"
"रोज."
त्यांचं पेन थांबलं. "इतने डी से ही खून में कॅल्शियम बढ़ता है."
घरी येऊन पाठीच्या डॉक्टरांची फाइल काढली. स्पष्ट लिहिलंय, हफ्ते में एक. तीस वर्षं लोकांना विम्याच्या पॉलिसीतला बारीक मजकूर समजावला मी. दूध मीच गरम करायचो, पुडी मीच टाकायचो. पाठ दुखायची थांबली म्हणून खूश होतो.

७ नोव्हें.
रक्तात कॅल्शियम भयंकर. नलू अ‍ॅडमिट, सलाइन चालू. फिजिशियन म्हणाले, किडनीचं थोडं नुकसान आता भरून येणार नाही. मुक्ता ऑफिसातून थेट आली.
"पण बाबा, मतलब, अचानक कसं वाढलं?"
"वय," म्हटलं.
लेकीशी खोटं.

११ डिसें.
कॅल्शियम उतरलं. आधी ते, मगच डोळा, नाहीतर पुन्हा जमणार. आज उजवा. बधिर करणारे थेंब, वरचा नाजूक थर खरवडला, कॅल्शियम विरघळवणाऱ्या औषधाचा बोळा ठेवला, परत खरवडलं. वर पट्टीसारखी लेन्स. मी बाहेर बाकावर.

१३ डिसें.
ठणका. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणे. थेंब चार वेळा, मीच घालतो. बाटली कसली, विचारत नाही. मान मागे टाकते, बस.

१८ डिसें.
लेन्स काढली. जखम भरली. नलूनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
"किती वाळलात हो."
डावा डोळा जानेवारीत. रक्त दर महिन्याला.

२१ डिसें.
मुक्ताला पुड्यांचं कळलं. पाठीच्या डॉक्टरांनीच रोज घ्यायला सांगितल्या, म्हणजे चूक त्यांची, असं धरून बसलीये. म्हातारा, सज्जन माणूस. नलूला बहनजी म्हणतो. तक्रारीचा अर्ज टाइप झालाय. उद्या पाचला माझी सही न्यायला येते.
नलू म्हणाली, "करून टाका सही. एवढं झालं माझं."
मी जेवत राहिलो.

२२ डिसें.
साडेतीन. मुक्ता यायच्या आत नलूला सांगायचंय. दोनदा दारापर्यंत गेलो. ती गच्चीत उन्हाला बसलीये, डावा डोळा हातानं झाकून पेपर वाचतेय. किती महिन्यांनी.
म्हटलं, एवढं पान होऊ दे.
तिनं पान उलटलं.