घुबडाला मारलेला खडा

जुळे सोलापूर,
रविवार

ती. आईस देवयानीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो? शेकतेस ना?

माझ्या उडत्या घुबडाच्या फोटोला इथल्या पक्षिमित्रांनी पहिला नंबर दिला. मामाने तुला मोबाइलवर दाखवला असेलच. तो कुणाला दाखवत बसू नकोस.

घुबड आपणहून उडालं नव्हतं. माळावरच्या लिंबाच्या ढोलीत ते बसायचं. महिनाभर मी संध्याकाळी कॅमेरा लावून थांबायचे, आणि बॅग आवरायला घेतली की नेमकं उडायचं. त्या दिवशी वैतागून मी खडा मारला. लागला नाही, पण ते लई घाबरून उडालं. लोक फोटोत पसरलेले पंख बघतात, मला त्याचे डोळेच दिसतात. त्यानंतर ते ढोलीत परतलेलं नाही.

तू म्हणायचीस, घुबडाला दगड मारू नये, ते तो उचलून नेतं आणि घासत बसतं; दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. मी हसायचे. वर्गात मुलांनाही सांगते की असलं काही नसतं.

पण काल मी तो खडा शोधायला गेले. माळावर सगळे खडे सारखेच. नेमका कुठला ते कळेना, म्हणून ओढणीत मावले तेवढे घेऊन आले.

तेव्हा तू घाबरू नकोस, खडे माझ्याकडेच आहेत. हे लिहितानाही एक डाव्या हातात आहे, आणि त्याच्यावरून माझा अंगठा सारखा फिरतोय.

तुझीच,
देवयानी