उजवीकडे वळणारी मान

३ फेब्रुवारी, सोमवार
चिकटवलं एकदाचं मानेला! बटणाएवढं यंत्र. जरा वाकले की गुर्र—! सुलतान बाजारात सरोज मॅडमकडे फिजिओथेरपीला जाते, त्यांनी दिलंय. "गोळ्या पुरे, आधी बसायला शीक." दिवाळीपासून मान धरतेय, हाताला मुंग्या. ऑफिसात दिवसभर जमिनीचे जुने नकाशे स्क्रीनवर गिरवायचे, रेघ न् रेघ. आणि याच महिनाअखेर ठरणार— नोकरीत कायम की घरी.
बाबांचा शेरा— "लहानपणापासून सांगतोय, ताठ बस. आता मशीन सांगतंय तर ऐकतेस!"

५ फेब्रुवारी
दिवसभर गुर्र. शेजारची भाग्यलक्ष्मी हसत सुटली— "अक्का, तुमारी पीठ को फोन आ रा क्या?" मीही हसले. पण ताठ बसलं की काम रखडतं. का ते कळत नाही. वाकले की गुर्र, सरळ बसले की रेघ हरवते.

७ फेब्रुवारी
टीम लीड रितेशने केबिनमध्ये बोलावलं. माझ्या नकाशांत चुका. सगळ्या उजव्या कडेला. अख्खे सर्व्हे नंबर गाळलेत मी! "शिल्पा, ध्यान किधर है तुम्हारा?" ध्यान तिथेच होतं. देवाशप्पथ तिथेच होतं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

८ फेब्रुवारी, शनिवार
सरोज मॅडमनी फोनमधला यंत्राचा आलेख पाहिला.
"पुढे वाकतेस ते सगळेच वाकतात गं. पण तू दर वेळी मान उजवीकडे फिरवतेस. का?"
"सवय असेल."
"सवय अशी नसते." खुर्ची समोर ओढली. माझा डावा डोळा तळहाताने झाकला. "माझ्याकडे बघ. काय दिसतंय?"
मॅडमचा चेहरा नव्हता! धुरकट काहीतरी, आणि अगदी कडेला खिडकी. तेवढीच. मी त्यांचा हात झटकला. मॅडम परत जागच्या जागी.
"हे मानेचं नाही, बाळा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लगेच जा."
घरी कुणाला बोलले नाही. आरशासमोर उभी राहून डावा डोळा झाकला— मी नव्हते.

१० फेब्रुवारी
कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजव्यातली नजर बरीचशी गेलीय, ती परत येत नाही. डाव्यात सुरुवात आहे, तो राखायचा. रोज थेंब घालायचे, कदाचित ऑपरेशन.
"पण मला कधी दुखलं नाही!"
"दुखत नाही, म्हणूनच कळत नाही."
म्हणजे मान बिचारी चांगला डोळा समोर आणत होती. आणि मी तिलाच दामटत होते!
"रक्तातून येऊ शकतो. आईवडिलांना घेऊन या," म्हणाले.
घरी येऊन सांगितलं. आईने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. बाबा म्हणाले, "माझे डोळे ठणठणीत आहेत." उठून बाहेर गेले.

११ फेब्रुवारी
रितेशला सगळं सांगितलं. आता नोकरी गेली असं धरूनच गेले होते. तो कपाळ चोळत बसला. "पहले क्यूँ नहीं बोली?" मोठी स्क्रीन मागवतो म्हणाला, उजवी कड भाग्यलक्ष्मी तपासेल. आणि कायम करण्याचं? "देखते." बस, एवढंच.

१३ फेब्रुवारी
आईचे डोळे चांगले निघाले. बाबा तपासायला नाहीच म्हणतात. आज मी ओरडले त्यांच्यावर— आयुष्यात पहिल्यांदा. "मग माझ्यात कुठून आलं हे?" बोलायला नको होतं. बाबांचा चेहरा एकदम उतरला. ताट तसंच ठेवून उठले.

१४ फेब्रुवारी
बाबांनी रोजच्यासारखं स्कूटरवरून मेट्रोपर्यंत सोडलं, माझ्याकडे न बघता.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी बाबा आपणहून म्हणाले, चल. तपासलं. माझ्यापेक्षा वाईट. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून जाणवतोय? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्ष झालं असेल. बोललो असतो तर स्कूटर काढून घेतली असती यांनी. हिला रोज मेट्रोपर्यंत कोण सोडणार?"
वर्षभर. मलकपेठच्या त्या गर्दीतून. आणि मी मागे निर्धास्त बसून फोन बघत होते.